गंगम्माचा वाटा

हैदराबादच्या मराठी मंडळाच्या सभागृहात विजय पेंडसेने जोंधळ्याच्या बियाण्याचे उदाहरण दिले, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या अंबाजी मुखेडकरांनी पत्नीचे मनगट इतक्या जोराने दाबले की भामाबाईंची एक बांगडी पिचली.

"शेतकरी कितीही भुकेला असला तरी बियाण्याची कणगी फोडत नाही," विजय व्यासपीठावरून सांगत होता. त्याच्या मागे पडद्यावर एका जाळ्याचे रंगीत चित्र झळकत होते. "तळ्यातल्या मोठ्या, जुन्या माद्या ही तळ्याची कणगी. ती राखली तर तळे पिढ्यान्‌पिढ्या मासा देत राहील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत पुण्यामुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी नुकतीच आलेली तरुण मंडळी होती. त्यांनी कणगी कधी पाहिलीही नसावी.

"माझं आहे ते," अंबाजी पुटपुटले.

"काय?"

"कणगी. कणगी माझी आहे."

"बांगडीबी माझीच होती," भामाबाई म्हणाल्या आणि काचेचा तुकडा पदरात गुंडाळू लागल्या.

अंबाजींचे म्हणणे खोटे नव्हते. हे उदाहरण त्यांनीच विजयला ऐकवले होते. दोघे मुंबईत मत्स्यशास्त्र शिकत होते तेव्हाची ती गोष्ट. वर्सोव्याच्या वाळूत बसून बोटाने गोल काढून अंबाजींनी त्याला कणगी म्हणजे काय ते समजावले होते, कारण पुण्याच्या सदाशिव पेठेत जोंधळा पोत्यातून येतो एवढेच त्याला ठाऊक होते. त्या वेळी विजय हसला होता. "अंबाजी, तू मासे पेरणार आहेस की काय रे?" असे म्हणाला होता. आता तोच गृहस्थ तेच वाक्य, शुद्ध उच्चारात, ध्वनिक्षेपकावरून सांगत होता आणि लोक ते वहीत टिपून घेत होते.

देशाची दारे उघडली, असे त्या वर्षांत वर्तमानपत्रे रोज लिहीत असत. अंबाजींच्या सरकारी मत्स्यखात्यात मात्र उघडले ते खिडकीचे एक तावदान, आणि तेही पुन्हा बंद होईना. विजयने सरकारी नोकरी सोडली, किनाऱ्यावर कोळंबीचे खाद्य विकणाऱ्या एका कंपनीत गेला. पुढे कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, शेकडो तळी ओस पडली, माणसे देशोधडीला लागली. दुसरा कोणी असता तर त्यात बुडाला असता. विजय त्या रोगावर व्याख्याने देत देत वर आला. हैदराबादेत उतरला तो एका खाजगी मत्स्यबीज केंद्राचा प्रमुख म्हणूनच. कुकटपल्लीत फ्लॅट, दाराशी मारुती, आणि कमरेला तो नवा फिरता फोन, ज्यावर बोलताना तो नेहमी खिडकीकडे चालत जाई. अंबाजी नल्लकुंट्याच्या जुन्या वस्तीत होते तिथेच होते. त्यांची स्कूटर सकाळी आडवी पाडल्याखेरीज चालू होत नसे.

आणखी एक गोष्ट त्यांना सलत असे, पण ती बोलून दाखवण्याजोगी नव्हती. अंबाजी माळकरी घरातले. उभा जन्म माशांत गेला, पण मासा जिभेला लावला नाही. विजय ब्राह्मण असून मिटक्या मारीत खाई आणि वार्ताहरांना मरळीच्या कालवणाची चव वर्णन करून सांगे. मरळ, जिला इथे कोर्रमीनू म्हणतात, ती अंबाजी पोटच्या लेकरासारखी ओळखत. पण तिची चव कशी असते, या साध्या प्रश्नावर त्यांना गप्प बसावे लागे.

तरीही अंबाजींजवळ एक गोष्ट होती जी विजयजवळ नव्हती. ती म्हणजे बोम्मलकुंटा.

कुकटपल्लीच्या पलीकडे, कारखान्यांची रांग संपल्यावर, हे जुने तळे होते. अंबाजींकडे ते आले तेव्हा मच्छीमार सोसायटीचे लोक मच्छरदाणीच्या कापडासारख्या जाळ्यांनी बोटभर पिल्लेही उपसून काढीत. सोसायटीचा म्होरक्या यादगिरी मोठ्या अभिमानाने सांगे, "साब, मछली तो उतनीच मिलती." अंबाजींनी त्याला विचारले होते, "अरे, उतनीच मिळते, पण तेवढ्याच जाळ्यांना, तेवढ्याच वेळात मिळते का?" यादगिरीने डोके खाजवले होते. पूर्वी सकाळी जाळे टाकले की न्याहारीला घरी परतता येई. आता दिवस कलला तरी टोपली भरत नव्हती. मत्स्यशास्त्राचा पहिला धडा एवढाच आहे, आणि तो शिकायला अंबाजींना मुंबईला जावे लागले होते. टोपलीकडे पाहू नका, टोपली भरायला लागणाऱ्या कष्टांकडे पाहा. कष्ट वाढत चालले की समजावे, तळे आटत आहे. पाणी कितीही असो.

दुसरा धडा जाळ्याच्या आसाचा. आस म्हणजे दोन गाठींमधली मोकळी जागा. ती इतकी हवी की पिल्लू निसटावे आणि एकदा तरी अंडी घालून झालेला मासा तेवढा अडकावा. हे सोसायटीने कुरकुरत मानले. तिसरा धडा मात्र कोणी मानीना. बांधाला लागून एक खोल डोह होता; उन्हाळ्यात सगळे तळे सुकले तरी मरळी त्यात गोळा होत. तो डोह सोडून द्या, असे अंबाजींनी सांगितले. हातभर लांबीची मादी वीतभर मादीच्या कितीतरी पट अंडी देते. गवतात घरटे करून जोडपे पिल्लांवर पहारा ठेवते. पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर तरंगतो आणि खालून आईबाप फिरत राहतात. आईबाप उचलले की तो पुंजका संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. लोकांनी हे सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी डोहातच जाळे टाकले. खात्याने पाटी लावली, तर तिच्यावर कपडे वाळत घातले गेले.

तेव्हा अंबाजींना आपल्या गावाकडची रीत सुचली. रानातला एक कोपरा देवीचा म्हणून सोडलेला असतो, तिथली काडीही कोणी उचलत नाही. त्यांनी दुसऱ्या तळ्यातून मोठ्या मरळी आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, स्कूटरच्या पायाशी ठेवून. मरळ हवेत श्वास घेते, एवढा प्रवास ती सोसते. त्या डोहात सोडून त्यांनी काठावरच्या दगडाला हळद लावली, डोहाभोवती हळदीच्या चिंध्या बांधलेले बांबू रोवले आणि यादगिरीच्या आईने शिकवलेले शब्द म्हटले: "गंगम्मा तल्ली, नी पालु नीके. मेमु मुट्टम." गंगम्मा माते, तुझा वाटा तुलाच. आम्ही शिवणार नाही.

त्या दिवसापासून कोणी शिवले नाही. पावसाळ्यात डोहातली पिल्ले तळेभर पसरत, आणि बाहेर टाकलेली जाळी भरून निघत. खात्याच्या अहवालात याची नोंद "तलावाची उत्पादकता समाधानकारक" एवढीच होती. अंबाजींची एकच इच्छा होती. हा डोह राखीव म्हणून जाहीर व्हावा, आणि तो कोणी राखला हे चार माणसांना कळावे. यातली पहिली इच्छा ते सर्वांना सांगत. दुसरी फक्त भामाबाईंना ठाऊक होती.

व्याख्यानानंतर चहा होता. विजय गर्दीतून वाट काढीत आला आणि त्याने अंबाजींच्या खांद्यावर हात टाकला.

"काय अंबाजी, कसं झालं?"

"झालं की."

"'झालं की' काय, अरे! वहिनी, याला सांगा, माणसाचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत. बरं, मिरुगमच्या, म्हणजे मृगाच्या मत्स्यप्रदर्शनाला आमच्या केंद्राची मोठी मांडणी आहे. मरळी अशा आणतोय की बघत राहशील. तुझ्या त्या तळ्यातलं काही आणणार की नाही? की ते सगळं देवीचं?"

भोवतीचे लोक हसले. त्यात दुष्टावा नव्हता. विजय असेच बोले. पण स्कूटरवरून परतताना अंबाजींनी बरकतपुऱ्यापर्यंत प्रत्येक खड्डा सरळ चाकाखाली घेतला.

"पेंडश्यांच्या शोभावहिनींनी हिऱ्याच्या कुड्या घातल्या होत्या," भामाबाई मागून म्हणाल्या.

"मला काय त्याचं?"

"तुम्हाला काय नाही. मी आपलं सांगितलं. तो माणूस वाईट नाही हो. तुमच्याबद्दल शोभावहिनींजवळ चांगलंच बोलतो."

"चांगलं बोलायला त्याचं काय जातं? वरून बोलणाऱ्याला चांगलं बोलणं परवडतं."

मृगाच्या दिवशी हैदराबादेत मासा खावा लागतो. जो एरवी खात नाही तोही त्या दिवशी खातो. यालाच इथे मिरुगम म्हणतात. सगळा बाजार मरळीमागे धावतो. नेमका हाच काळ मरळीच्या पोटात अंडी भरण्याचा, याची खंत अंबाजी दरवर्षी खात्याला लिहून कळवीत आणि खाते दरवर्षी त्याच दिवशी मत्स्यप्रदर्शन भरवी. त्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात विजयचे छायाचित्र आले. दोन्ही हातांत एक मरळ, तिच्यापेक्षा रुंद हसू, आणि खाली मजकूर: "तळ्यांची कणगी राखणारा शास्त्रज्ञ".

अंबाजींनी ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. मासा मोठा होता, पण खाद्यावर पोसलेला, ढिला, पोटाशी फिकट. डोहात याहून थोर मरळी होत्या, काळ्याभोर, पाठीवर जणू शेवाळाची शाल पांघरलेल्या. त्या जगाने कधी पाहिल्या नव्हत्या, आणि अंबाजींनी नेम धरला होता त्याप्रमाणे पाहणारही नव्हते. त्यांनी चहा तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच स्कूटर आडवी पाडली.

मिरुगमच्या पहाटे बोम्मलकुंट्यावर सोसायटी जाळी घेऊन जमलेलीच होती.

"यादगिरी, डोहातल्या दोन-तीन मोठ्या मरळी पाहिजेत."

यादगिरीला वाटले, साहेब थट्टा करीत आहेत. मग त्याने चेहरा पाहिला.

"साब, वो मां का हिस्सा है."

"मला माहीत आहे. मीच ठेवलाय तो. दोन-तीन फक्त. प्रदर्शनासाठी."

"मां का हिस्सा आधा नै निकलता, साब. बांबू निकाले तो सबके लिए निकलता. हमारे में ऐसाच है. फिर मेरे कू नक्को बोलना."

हे त्याने स्पष्ट सांगितले होते. नंतर अंबाजींना कधीही असे म्हणता आले नाही की आपल्याला समजले नव्हते. खात्याचा नियम असता तर त्यातून सवलत निघाली असती; साहेबांना थोडे जास्त, इतरांना कमी, हे सगळ्यांनी समजून घेतले असते. पण अंबाजींनी स्वतःच तो नियम खात्याच्या हातातून काढून देवीच्या हाती दिला होता, आणि देवीच्या घरी साहेब कोणी नसतो.

"काढ," अंबाजी म्हणाले.

"साब?"

"काढ म्हणतो ना. बांबू काढ."

यादगिरीने पहिला बांबू उपटला तेव्हा काठावरच्या माणसांनी आधी दगडाकडे हात जोडले. मग बायका टोपल्या घेऊन धावल्या. अंबाजींनी तीन मरळी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, स्कूटरच्या पायाशी ठेवल्या आणि निघाले. मागे आरडाओरडा चालला होता. त्यांनी वळून पाहिले नाही. शिकलेला माणूस आपले नुकसान असेच करतो. हात चालवतो आणि मान वळवून घेतो.

प्रदर्शनात त्यांच्या मरळींभोवती खरोखरच गर्दी झाली. छायाचित्रकार आले. खात्याचे वरिष्ठ आले, "वा, मुखेडकर!" म्हणाले. विजयच्या मांडणीपाशी उभे असलेले लोक इकडे सरकले, आणि त्या सरकण्याचा आवाज अंबाजींना टाळ्यांहून गोड लागला.

मग विजय स्वतः आला. त्याने हौदात हात घातला, सर्वांत मोठ्या मरळीच्या पोटावरून अंगठा हलकेच फिरवला. सोन्याच्या मण्यांसारखी अंडी पाण्यात सुटली.

त्याने अंबाजींकडे पाहिले. वर्सोव्याच्या वाळूतला तो गोल दोघांच्याही मनात एकाच वेळी आला असावा.

"डोहातली?"

"हो."

"बाकीच्या?"

अंबाजी ओल्या गोणपाटाची घडी घालू लागले. विजय फोन काढून दाराकडे चालू लागला; या वेळी खिडकीकडे नव्हे. त्याच्या केंद्राची गाडी, पाण्याच्या पिंपांसह, अंबाजी परतण्यापूर्वीच बोम्मलकुंट्यावर पोहोचली. मरळ बाजारात जिवंत विकली जाते, म्हणून टोपल्यांत अजून जीव होता. यादगिरीने पुढे सांगितले ते असे: पेंडसे साब बुटांसकट चिखलात उतरले, बायकांच्या टोपल्या एकेक करून उपड्या केल्या, माद्या निवडल्या, आणि बाजारापेक्षा जास्त भाव देऊन सगळ्या नेल्या. कोणाला ओरडले नाहीत. अंबाजींचे नावही घेतले नाही.

"नाव घेतलं नाही?" अंबाजींनी विचारले.

"नै साब. कायकू लेते?"

शिव्या दिल्या असत्या तर अंबाजी त्या रात्री झोपले असते.

त्या पावसाळ्यात बोम्मलकुंट्यावर तांबूस पुंजका दिसला नाही. देवीचा वाटा गेला तशी बाकीची शिस्तही गेली. कोणी बारीक आसाचे जाळे आणले, त्याला पाहून दुसऱ्याने आणले. पुढच्या उन्हाळ्यात माणसे दिवसभर चिखल चाळीत आणि बोटाएवढ्या माशांच्या पिशव्या घेऊन घरी जात. अंबाजींचे वर्तमानपत्रातले छायाचित्र भामाबाईंनी जपून ठेवले होते; अंबाजींनी ते एक दिवस मागितले आणि परत दिले नाही.

आणि मग, दुसऱ्या वर्षी, खात्याने ठरवले की ओस पडलेल्या तळ्यांत खाजगी केंद्राकडून मत्स्यबीज घेऊन सोडायचे. बोम्मलकुंट्यासाठी मरळीची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, आली ती विजयच्या केंद्रातून. अंबाजींनी पिंपात वाकून पाहिले. काळीभोर, पाठीवर तीच झाक. ही त्यांच्याच डोहाची नातवंडे होती. फक्त आडनाव बदलून आली होती.

सोसायटी जमली होती. नवे बांबू, नव्या चिंध्या, वाटीत हळद. अंबाजी पुढे झाले आणि त्यांनी वाटीकडे हात केला. यादगिरीने वाटी किंचित मागे घेतली.

"साब, जो मछली देता, वोईच हल्दी लगाता. पैले तुम दिए थे." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो रीत सांगत होता. "अब पेंडसे साब दे रैं."

विजयने दगडाला हळद लावली. ती बोटांना कशी घ्यावी हेही त्याला कळत नव्हते. शर्टाच्या बाहीला लागली. मग तो थांबला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"अंबाजी," तो हळूच म्हणाला, "अरे, काय म्हणायचं असतं?"

अंबाजींना तो क्षण फार मोठा वाटला. शब्द म्हटले गेले नाहीत तर डोह बंद होणार नव्हता. आणि यादगिरीची आई गेल्यावर ते शब्द धड येणारे इथे अंबाजीच एक होते. गप्प बसले असते तर विजयची चारचौघांत फजिती झाली असती, आणि ती पाहण्यासाठी अंबाजींनी उमेदीची वर्षे काढली होती. पिंपात पिल्ले वर येऊन हवेचा एकेक घोट घेत होती.

"गंगम्मा तल्ली," अंबाजी म्हणाले.

"गंगम्मा तल्ली," विजय म्हणाला, पुण्याच्या उच्चारात.

"नी पालु नीके."

"नी पालु नीके."

"मेमु मुट्टम." शेवटचा शब्द अंबाजी पिंपाकडे पाहत हळू म्हणाले. विजयने तो खणखणीत म्हटला, आणि बायकांनी कपाळाला हात लावले. त्यांना जणू हे शब्द विजयचेच वाटले.

बांबू रोवले गेले ते विजयने दाखवले तिथे, खोल पाण्याच्या कडेने. नकाशावर ते योग्यच होते. पण मरळ घरटे करते ते उथळ पाण्यातल्या गवतात, आणि गवताचा तो पट्टा बांबूंच्या बाहेर राहिला होता. अंबाजींनी गवताच्या बाजूचे बांबू मोजले. सांगितले तर विजय लगेच सर्वांदेखत म्हणणार, "अंबाजी म्हणतात ते बरोबर, त्यांच्याइतकं कोणाला कळतं?" तो मनाचा मोठेपणा अंबाजींना पुन्हा एकदा सोसवला नसता.

लोक झाडाखाली जेवायला बसले. विजय यादगिरीशेजारी मांडी घालून मासा-भात खात होता आणि चव वाखाणीत होता. माळकऱ्याला त्या पंगतीत काही काम नव्हते. अंबाजींनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि ते पाण्यात उतरले. गवताच्या बाजूचे बांबू एकेक करून उपटले, पट्ट्याच्या पलीकडे नेऊन रोवू लागले. शेवटच्याशी पोहोचले तेव्हा काठावरून हाक आली.

"साब! बांबू कायकू सरका रैं?"

खरकट्या हाताने यादगिरी उभा होता. त्याच्यामागे आणखी दोघे उठून आले होते. या लोकांना अंबाजींच्या हातचा उपटलेला बांबू आठवत होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट होते.

अंबाजी पाण्यात उभे राहिले. चिंधीची हळद त्यांच्या तळहाताला लागली होती. खरे सांगितले असते तर या लोकांनी बांबू पुन्हा आत घेतले असते.

"पेंडसे साब बोले," ते म्हणाले. "घास अंदर लेना बोले."

"हौ?" यादगिरीचा चेहरा निवळला. "वो बोले तो ठीकच बोले होंगे."

तो जेवायला परत गेला. अंबाजींनी दोन्ही हातांनी शेवटचा बांबू चिखलात दाबला, आणि हलवून पाहिला.